सुई टोचून गाठ सुटते का? (मान-खांदेदुखीवरची इंजेक्शनं)

शिवणटिपण
नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे नुसतीच वाचत आले, धागा पहिल्यांदा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं नाशिकला घरीच ब्लाउज शिवायचं काम आहे. एकोणीस वर्षं झाली. मान आणि खांदा यांच्यामधला जो उतार असतो ना, पदराची पिन लावतो त्याच्या जरा आत, तिथे माझ्या उजव्या बाजूला गाठ आहे. बाहेरून दिसत नाही. बोटाने चाचपलं तर आत सुपारीसारखं कडक लागतं आणि दाबलं की कळ मानेतून कानामागे जाते, तिथून कपाळाच्या बाजूला. आधी लग्नसराईपुरतं दुखायचं, आता बारमाही झालंय. रात्री कुशीवर वळताना जाग येते.

एक्स-रे झाला. "मणक्यात थोडी झीज आहे, वयाप्रमाणे" एवढंच निघालं. गोळ्यांनी पित्त वाढलं, पट्टा लावून झाला, मालीशवाल्या बाई झाल्या. मालीश केलं की दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी जैसे थे. आता एका पेन क्लिनिकमधले डॉक्टर म्हणतात, गाठीतच इंजेक्शन देऊ. चार जागी टोचायचं, अशा तीन बैठका, दर वेळी १८०० रुपये.

आता गंमत अशी की जन्म गेला सुया टोचण्यात, पण मला कुणी सुई टोचणार म्हटलं की पायातलं बळ जातं. सासूबाई म्हणतात, नस मेली तर हात कायमचा जाईल. कुणी घेतलंय का हे? किती दुखतं? फरक टिकतो का, की सवय लागते? आठवड्याभरात कळवायचंय.

लोकलवाला
मी घेतलं आहे, कंबरेत. डोंबिवली ते सीएसटी बावीस वर्षं एका हाताने कडी धरून उभा. टोचताना मुंगी चावल्यासारखं वगैरे काही नाही हो, खोटं कशाला बोलू. सुई गाठीवर बरोबर लागली की आतला स्नायू टुणकन उडतो, गळाला मासा लागल्यावर दोरी हिसकते तसा. त्या क्षणाला तोंडातून शिवी गेली. डॉक्टर मात्र खूश, "लागली, लागली!" म्हणाले. दहा मिनिटांत चालत घरी.

पायाळू
ताई, १८०० रुपये वाचवा. मी पायाळू आहे, नावावरून कळलंच असेल. उसण भरली की माणसाने माझ्याकडे यायचं आणि मी पाठीत तीन लाथा घालायच्या, हा आमच्या गल्लीचा आरोग्य विभाग होता. वयाच्या पाचव्या वर्षापासून प्रॅक्टिस. शेजारच्या हेडमास्तरांनाही घातल्यात. फी एक गोळी लिमलेटची.

लोकलवाला
हेडमास्तरांना बरं वाटलं का?

पायाळू
त्यांचं माहीत नाही, मला फार बरं वाटलं.

आजीचा_बटवा
हसण्यावारी नेऊ नका, जुन्या लोकांना काही कळत नव्हतं असं नाही. शिवणटिपणताई, इंजेक्शनच्या आधी एकदा निर्गुंडीचा पाला वाफवून शेक घेऊन बघा. नाहीतर जाडं मीठ तव्यावर भाजून सुती फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि सहन होईल इतपत शेकायचं. वाळूही चालते. माझ्या आईला यानेच झोप लागायची. आणि गावाकडे तर बिब्ब्याचा...

कोकणचा_गडी
बिब्ब्याचं नाव काढू नका कृपया. आमच्या काकीच्या खांद्यावर एका जाणत्याने बिब्बा घातला. फोड उठले, पिकले, दीड महिना उताणं झोपता आलं नाही. मूळ दुखणं तसंच, वर चट्टा कायमचा. मिठाच्या शेकाबद्दल तक्रार नाही.

भूलवाला_सांगली
मी निवृत्त भूलतज्ज्ञ. शेवटची बारा वर्षं वेदनेचीच ओपीडी चालवली, म्हणून लिहितो. ताई, तुम्हाला न तपासता निदान करणार नाही, पण हे काय प्रकरण असतं ते सांगतो.

स्नायूच्या तंतूंमध्ये एखादी पट्टी सतारीच्या तारेसारखी ताणलेली राहते. त्या तारेवर एक बिंदू फार हळवा असतो. तो दाबला की दुखणं तिथेच न राहता ठरावीक वाटेने दुसरीकडे जातं. तुम्ही लिहिलेली वाट, म्हणजे मान, कानामागे, कपाळाची बाजू, ही मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूच्या वरच्या भागाची अगदी ओळखीची वाट आहे. अर्धशिशी समजून वर्षानुवर्षं त्याच्या गोळ्या खाणारे मी पाहिलेत. तुमच्या हाताला जी 'गाठ' लागते ती आवळलेल्या स्नायूची असते. कॅन्सरची गाठ किंवा चरबीची गाठ यांच्याशी तिचं नातं नाही. पण कातडीखाली सरकणारी, वाढत जाणारी, न दुखणारी गाठ असेल तर ती वेगळी तपासायची.

इंजेक्शनात बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. दात काढताना हिरडीत देतात तेच बधिरतेचं औषध, एका टक्क्याचं, एका जागी अर्धा ते एक मिली. म्हणजे चार जागी मिळून चमचाभरसुद्धा नाही. ते शिरेत किंवा मणक्यात न जाता स्नायूत जातं. "नस मरेल" ही भीती सासूबाईंच्या जागी योग्य असली तरी खरी नाही. औषधाने काही वेळ बोटांना जडपणा आलाच तर तो दोन-चार तासांत जातो.

आता खरी मजा. लिग्नोकेनचा असर तास-दोन तास. मग आराम आठवडे कसा टिकतो? प्रागच्या कारेल लेविट या डॉक्टरांनी १९७९ साली लिहून ठेवलं की काम औषध करत नाही, सुई करते. बिंदू नेमका गाठला पाहिजे. कोरड्या सुईनेही फरक पडतो, म्हणूनच आता बरेच फिजिओ ड्राय नीडलिंग करतात. औषध घातल्याने नंतरचा ठणका कमी होतो, एवढा त्याचा फायदा.

सवय लागत नाही. सवय लागते ती गोळ्यांची.

गुरुजी_मिरजवाले
डॉक्टर, एक शंका. मी तबला शिकवतो, मधुमेही आहे. तीन वर्षांपूर्वी डाव्या खांद्यात असंच इंजेक्शन घेतलं (सांगलीत नाही, गैरसमज नको). दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी साखर ३१०! आठवडाभर खाली येईना. गोड खाल्लं म्हणून बायकोने माझे खिसे तपासले. नंतर कागद वाचला तेव्हा कळलं की आत स्टिरॉइड मिसळलं होतं. मला आधी कुणी विचारलंही नाही की साखर आहे का.

भूलवाला_सांगली
गुरुजी, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. साध्या स्नायूच्या गाठीला स्टिरॉइडची गरज सहसा नसते. सांध्यात, स्नायूबंधाच्या सुजेत त्याला जागा आहे. मधुमेह्यांची साखर त्याने काही दिवस चढते, आणि कातडीजवळ गेलं तर तिथे पांढरा डाग किंवा खळगा पडू शकतो. ताई, तुम्ही सरळ विचारा: "यात स्टिरॉइड आहे का? असेल तर का?" रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पूर्वी दातवाल्याकडे भुलीच्या इंजेक्शनने पुरळ, धाप किंवा असलं काही झालं असेल, दिवस गेलेले असतील, तर तेही आधीच सांगायचं.

नास्तिक_नाना
डॉक्टरांबद्दल आदर ठेवून विरुद्ध बाजू मांडतो, नाहीतर धागा एकसुरी होईल.

ट्रिगर पॉइंट, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला तो हळवा बिंदू, ही वस्तू खरोखर असते का, यावरच वाद आहे. क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन या तिघांनी २०१५ साली या कल्पनेची चांगलीच चिरफाड केली. दुखतं हे त्यांना मान्य आहे. पण दुखण्याचं उगमस्थान त्या स्नायूतल्या बिंदूत आहे, हे सिद्ध झालेलं नाही असं त्यांचं म्हणणं. आणि एकाच रोग्याची गाठ शोधायला दोन डॉक्टरांना वेगवेगळं बसवलं तर बोटं एकाच जागी पडतीलच याची खात्री नाही. मग १८०० रुपये कुठल्या जागेचे? २००१ मध्ये या टोचण्यावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही हेच निघालं की आत काय टोचलं याने फरक पडत नाही. सुई टोचून घेतल्याचं समाधान, डॉक्टरचा हात, थोडा काळाचा गुण. बरं वाटणारच.

भूलवाला_सांगली
नाना, बोटांच्या बेभरवशीपणाबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. माझीही बोटं पहिली पाच वर्षं कच्चीच होती. पण त्याच नाण्याला दुसरी बाजू आहे. अमेरिकेत जय शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केसासारख्या बारीक सुईने जिवंत माणसाच्या गाठीतला द्रव काढून तपासला. दुखऱ्या बिंदूत वेदना आणि सूज यांच्याशी संबंधित रसायनं जास्त सापडली. म्हणजे तिथे काहीतरी घडतंय. ते मूळ आहे की परिणाम, इथे आपलं भांडण चालू राहू दे.

नास्तिक_नाना
राहू दे. चहा तुमच्याकडे.

पक्या_न्यूजर्सी
इथे या टोचण्याला विम्याचा कोड आहे. एक-दोन स्नायू असतील तर २०५५२, तीन किंवा जास्त असतील तर २०५५३. किती वेळा टोचलं ते धरत नाहीत, किती स्नायू ते मोजतात. मला आठ वेळा टोचलं आणि बिल मात्र दोन स्नायूंचं, तेव्हा पहिल्यांदा अमेरिकेत काहीतरी घाऊक भावात मिळाल्यासारखं वाटलं. विम्याने त्यातलं निम्मं नाकारलं ती गोष्ट वेगळी.

माझा फरक पाच आठवडे टिकला. नंतर परत. कारण मी परत त्याच खुर्चीत, त्याच दोन स्क्रीनसमोर, मान डावीकडे वळवून.

इतिहासाचा_किडा
अमेरिका आलीच आहे तर हा किस्सा इथेच शोभतो. नाना आणि डॉक्टर जे भांडतायत ते भांडण व्हाइट हाउसमध्ये होऊन गेलंय.

जॉन केनेडींची पाठ पहिल्यापासून दगाबाज. १९५४ मध्ये मणक्याची शस्त्रक्रिया झाली, तीत जिवावर बेतलं. १९५५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्याकडे गेले. या गाठींच्या वेदनेचे नकाशे ज्यांनी तयार केले त्या याच बाई. त्यांनी पाठीच्या स्नायूंत प्रोकेनची (लिग्नोकेनसारखंच बधिरतेचं औषध) इंजेक्शनं दिली, एका बुटाला आतून उंची लावली, आणि झुलत्या खुर्चीत बसायला सांगितलं. केनेडींची ती प्रसिद्ध झुलती खुर्ची म्हणजे डॉक्टरीण बाईंचं प्रिस्क्रिप्शन. १९६१ मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि ट्रॅव्हेल त्यांच्या अधिकृत डॉक्टर. या पदावरच्या पहिल्या स्त्री.

त्याच वर्षी मे महिन्यात केनेडी कॅनडात ओटावाला गेले. समारंभात झाड लावायचं होतं, फावड्याने माती ओढायला वाकले आणि पाठीने दगा दिला. कुबड्या आल्या, इंजेक्शनं वाढली. बाकीचे डॉक्टर अस्वस्थ झाले, की नुसतं टोचत राहिलो तर हा माणूस चाकाच्या खुर्चीत जाईल. मग हान्स क्राउस नावाच्या गिर्यारोहक डॉक्टरला आणलं. त्याने सांगितलं, आठवड्यातून तीनदा व्यायाम, आणि इंजेक्शनं बंद. काही महिन्यांत पाठ बरीच सुधारली. ट्रॅव्हेलबाईंचं पद राहिलं, पण पाठ त्यांच्या हातून गेली.

पायाळू
थोडक्यात, वृक्षारोपणाला वाकले आणि उसण भरली. आमच्याकडच्या मंत्र्यांना भरत नाही, कारण खड्डा आधीच खणलेला असतो.

कोकणचा_गडी
+१. आणि रोपही दर वर्षी त्याच खड्ड्यात.

फिजिओताई
छान चाललंय, पण ताईंना आठवड्यात ठरवायचंय ना? थोडं कामाचं बोलते.

इंजेक्शनने गाठ सैल झाली की तीन-चार आठवड्यांची उसंत मिळते. तेवढ्यात स्नायूला त्याची लांबी आणि ताकद परत द्यायची. लोक काय करतात? दुखणं थांबलं म्हणून साठून राहिलेली सगळी कामं त्याच आठवड्यात उरकतात. माझ्याकडच्या एक बाई इंजेक्शनच्या तिसऱ्या दिवशी दहा किलो गव्हाचं पीठ चाळायला बसल्या.

शिवणटिपणताई, चार प्रश्न. एक, मशीनवर बसल्यावर तुमचे कोपर टेबलाच्या वर असतात की खाली? दोन, उजेड कुठून येतो? तीन, हातशिलाई, हुक-काज कुठे बसून करता? चार, गिऱ्हाइकांचे फोन कामात असताना आले तर कसे घेता?

शिवणटिपण
बाप रे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. सासूबाईंना डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाल्या, "सांगलीचे का, मग ठीक आहे." (त्यांचं माहेर तासगाव.)

फिजिओताई, कोपर खाली असतो, खांदा वर उचलूनच शिवते. टेबल लग्नात आलेलं, माझ्या मापाचं नाहीच. ट्यूबलाइट पाठीमागे आहे, त्यामुळे माझीच सावली सुईवर पडते, म्हणून पुढे वाकते. काळ्या कापडावर काळा दोरा असला की नाकच टेकतं. हुक-काज खाली सतरंजीवर. फोनचं काही विशेष नाही, घेते तसाच.

फिजिओताई
"तसाच" म्हणजे कसा? घरातल्या कुणाला तरी एक दिवस लक्ष ठेवायला सांगा.

सुनीता_परभणी
मला वेगळंच सांगायचं आहे. माझ्या नवऱ्याला पाठीत उजव्या फऱ्याखाली असंच दुखायला लागलं. आम्ही उसण म्हणून बाम चोळला, शेकलं. एकाने सुई टोचायला सांगितली. चौथ्या दिवशी त्याच पट्ट्यात पाण्याचे फोड उठले. नागीण निघाली! नशीब टोचलं नाही. म्हणून दुखणं नवीन असेल, कातडीची आग होत असेल, तर दोन-चार दिवस नीट बघा.

भूलवाला_सांगली
फार मोलाचं लिहिलंत. यात भर घालतो. हाताला मुंग्या, बोटांतली पकड जाणं, कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर गाठीच्या मागे लागू नका. आणि चालल्यावर वाढणारं, थांबल्यावर कमी होणारं डाव्या खांद्याचं किंवा जबड्याचं दुखणं असेल तर आधी ईसीजी. उसण समजून घरी बसलेला हार्ट अटॅक मी एकदा पाहिला आहे, दुसऱ्यांदा पाहायचा नाही.

नवी_आई
अवांतर: बाळाला मांडीवर घेऊन दूध पाजताना माझ्याही खांद्यात असंच होतं. पाजणारीने हे घेतलं तर चालतं का?

फिजिओताई
आधी उशी बदला, बाळाला वर घ्या, स्वतः खाली वाकू नका. निम्म्या जणींचं तेवढ्यात भागतं. इंजेक्शनचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, पाजतेय हे सांगून.

गोंयकार
मडगावात आमच्या वाड्यातल्या एका बाईने अग्निकर्म करून घेतलं, तापवलेल्या शलाकेने चटके. म्हणते, बरं वाटलं. मी विचारलं दुखलं नाही? म्हणते, इतकं दुखलं की खांद्याचं विसरलेच.

नास्तिक_नाना
हा माझ्या बाजूचा सर्वोत्तम पुरावा आहे.

वैद्य_विनायक
अग्निकर्माची अशी थट्टा नको. विद्धकर्म आणि अग्निकर्म सुश्रुतसंहितेत आहेत, सुईने टोचून वेदना शमवणं आपल्याला परकं नाही. पण करणारा शिकलेला हवा, आणि मधुमेह्याला चटके देताना दहा वेळा विचार हवा. निवडणुकीच्या प्रचारासारखं "एका बैठकीत कायमचं बरं" म्हणणाऱ्याकडे कुठल्याच पॅथीत जाऊ नये.

गुरुजी_मिरजवाले
+१००. तालात असलेला एकच प्रतिसाद.

लोकलवाला
एक राहिलं होतं. मला दुसऱ्या बैठकीत चक्कर आली. औषधाने नाही, सुई बघून. डोळ्यांपुढे काजवे, घाम, आणि कंपाउंडरने पाय वर केले. ताई, उपाशीपोटी जाऊ नका आणि बसून घेऊ नका, आडवं पडून घ्या. सुईकडे पाहू नका. भिंतीवर कॅलेंडर असतं, त्यातल्या चतुर्थ्या मोजा.

शिवणटिपण
मंडळी, घेतलं! काल.

सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा कुणी असं लिहिलेलं सापडलं नव्हतं. आधी विचारलं, स्टिरॉइड आहे का. डॉक्टर जरा चमकले, म्हणाले नाही, नुसतं लिग्नोकेन. गुरुजी, तुमची आठवण काढली. कुशीवर झोपवलं. अंगठा आणि दोन बोटांत त्यांनी खांद्याचा तो स्नायू चिमटीत धरून वर उचलला, मी ब्लाउजची चुणी धरते अगदी तसा. म्हटलं, असं का? म्हणाले, खाली फुप्फुसाचं टोक असतं, स्नायू वर उचलून आडवी सुई घातली की तिकडे जायचा प्रश्न येत नाही. ते ऐकून आधी घाबरले आणि मग निवांत झाले, कारण कापड चिमटीत धरून टोचणाऱ्याचा हात मला कळतो. हा हात स्थिर होता.

पहिल्या सुईला नुसतं टोचलं. दुसऱ्या वेळी तीच सुई आतल्या आत जरा दिशा बदलून घातली, आणि लोकलवाले, तुमचा मासा! खांदा आपोआप उडाला आणि कळ सरळ कपाळात, रोज जाते त्याच वाटेने. मी ओरडले, "हीच ती!" मग एकदम तिथे गार पडल्यासारखं. चतुर्थ्या मोजायच्या राहिल्या.

आज खांदा ठणकतोय, कुणी बुक्की मारल्यासारखा. पण मान उजवीकडे पूर्ण वळतेय. रिक्षातून मागचं बघता आलं.

भूलवाला_सांगली
छान. ठणका दोन-तीन दिवस राहील, शेक घ्या, हात हलता ठेवा, ओझं नको. समजा अचानक छातीत दुखून धाप लागली तर मात्र वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं. हे क्वचित होतं, पण ज्याला टोचलं त्याला माहीत असायला हवं. बघा, तुमच्या डॉक्टरांनी चिमट धरली यातच त्यांची तालीम दिसली.

आजीचा_बटवा
शेक म्हणाले बरं का डॉक्टर. मिठाची पुरचुंडी!!

कोकणचा_गडी
मीठ जिंकलं. बिब्बा बाद.

पक्या_न्यूजर्सी
ताई, पुढचा रिपोर्ट महिन्याने नक्की टाका. इथे सगळे दुसऱ्या दिवशी "जादू!" लिहितात आणि गायब होतात.

पक्या_न्यूजर्सी
महिना झाला. धागा वर काढतोय. शिवणटिपणताई?

शिवणटिपण
आहे, आहे. लग्नाच्या तीन ऑर्डरी होत्या.

दुसरी बैठक पंधरा दिवसांनी घेतली. त्या वेळी गाठ शोधायला डॉक्टरांनाच वेळ लागला. नानांना आवडेल म्हणून सांगते, त्यांची बोटं दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा मीच म्हटलं, "अर्धा इंच मानेकडे." तिसरी बैठक त्यांनीच रद्द केली, म्हणाले गरज नाही, व्यायाम करा.

पण खरी बातमी पुढेच आहे. फिजिओताईंनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. माझी मुलगी दहावीला, ती अभ्यास सोडून हे काम आनंदाने करायला बसली. दुपारी म्हणाली, "आई, सकाळपासून अकरा फोन आले आणि अकराही तू उजव्या खांद्यात दाबून धरलेस. एक तर वीस मिनिटं. वहिनीच्या बाह्यांवर." मला पत्ताच नव्हता! हात शिवणात असतात, मोबाइल कानाला लावून खांदा वर करायचा, मान वाकडी करायची, झालं. एकोणीसपैकी निदान बारा वर्षं असंच चाललंय.

आता हे केलंय: टेबलाचे पाय सुताराकडून दोन इंच कापून घेतले. (नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता, टेबल त्यांच्या मामांनी दिलेलं.) मशीनच्या डाव्या बाजूला दीडशे रुपयांचा क्लिपचा दिवा लावलाय. हुक-काज खुर्चीत बसून, मांडीवर पाट घेऊन. फोन समोर स्टँडवर, स्पीकरवर. त्यामुळे गिऱ्हाइकांच्या सासवांबद्दलच्या गप्पा आता माझ्या सासूबाईंनाही ऐकू येतात, हा नवीन ताप. पण खांद्याला नाही.

दुखणं शून्यावर आलं म्हणणार नाही. संध्याकाळी जडपणा येतो. कानामागची कळ मात्र महिन्याभरात दोनदाच आली, दोन्ही वेळा रात्री अकरापर्यंत शिवत बसले होते त्या दिवशी.

फिजिओताई
मुलीला माझ्याकडून पेढा. मी बारा वर्षांची डिग्रीवाली, ती अर्ध्या दिवसात पास.

नास्तिक_नाना
म्हणजे गुण फोनच्या स्टँडचा. १८०० गुणिले दोन फुकट गेले, हे नोंदवून ठेवतो.

शिवणटिपण
नाना, असं नाही. इंजेक्शनच्या आधी मानेच्या व्यायामातला पहिला प्रकारसुद्धा मला जमत नव्हता, मान कलतच नव्हती. आणि दुखण्यापुढे टेबलाचा विचार कुणाला सुचतो? दोन रात्री सलग झोपले तेव्हा तिसऱ्या दिवशी सुतार बोलावला.

भूलवाला_सांगली
नाना, चहाला या.

नास्तिक_नाना
येतो. पण तुमच्या खुर्च्या कशा आहेत ते आधी सांगा, माझी कंबर धरली आहे चार दिवस.

पायाळू
नाना, सांगलीला कशाला जाता? पत्ता पाठवा. लिमलेटची गोळी आता पाच रुपयांना झाली आहे, तेवढी घेऊन या.